‘पुढील स्टेशन, दादर’

नमस्कार मॅडम,

माझा मुलगा ३ वर्षं १० महिन्यांचा आहे. वर्षाचा असताना काऊ, बाबा, मम्, दे असे आठ-दहा शब्द बोलायचा. दीड वर्षाचा झाला आणि ते एकेक करून गेले. गेल्या वर्षी पुण्यात ऑटिझमचं निदान झालं. आता तोंडातून बरंच काही येतं, पण त्याला बोलणं म्हणावं का, कळत नाही. ‘तुला पाणी हवं का?’ विचारलं की तोही ‘तुला पाणी हवं का?’ म्हणतो. मामाकडे डोंबिवलीला जाऊन आल्यापासून लोकलचे व्हिडिओ बघतो आणि दिवसातून वीस वेळा ‘पुढील स्टेशन, दादर’ म्हणतो. इंग्रजी आकडे, रंग सगळे येतात, पण मला एकदाही आई म्हटलेलं नाही. संध्याकाळ झाली की माझ्या चपला उचलून स्वयंपाकघरात ओट्याशी आणून ठेवतो. कितीही ओरडलं तरी ही सवय जात नाही, सासूबाई चिडतात. त्यांचं म्हणणं, याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला, उगाच डॉक्टरांच्या मागे लागू नका. आम्ही जातो त्या सेंटरवर सांगितलंय की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. पोपटपंची केली की लक्ष देऊ नका. चित्रांची कार्डं नकोत, मूल आळशी होतं. नात्यातल्या एकांनी स्टेम सेल उपचार सुचवलेत, खर्च काही लाखांत आहे. मी लवकर कामावर रुजू झाले, त्याच्या हातात मोबाईल दिला, म्हणून हे झालं का? तो बोलेल का? मला आई म्हणेल का?

– एक आई, कराड

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चपलांपाशी थांबले. ते वाक्य तुम्ही तक्रारींत घातलंय. माझ्या मते पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. संध्याकाळ झाली की बाहेर जाता येतं, बाहेर जायला आई लागते, आईने चपला घातल्या की दार उघडतं, एवढा सगळा हिशेब या मुलाच्या डोक्यात पक्का आहे. तो हिशेब घेऊन तो चपला शोधतो, तुम्ही असाल तिथे येतो आणि तुमच्यापुढे ठेवतो. शब्द निघाला नाही, पण निरोप पोचला. आपण सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघतोय आणि तो रोज संध्याकाळी ओट्यापाशी येऊन सांगून जातोय.

बोलणं आणि सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी मनात पक्कं करू. बावीस वर्षं वाचा-उपचाराचं काम करताना मला शेकडो शब्द घडाघडा म्हणणारी, पण पोटात दुखतंय हे सांगू न शकणारी मुलं भेटली आहेत. एकही शब्द नसताना घरादाराला कामाला लावणारी मुलंही भेटली आहेत. माझा जीव दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी कमी तुटतो. मराठीत आपण या मुलांना ‘स्वमग्न’ म्हणतो, तो शब्द मला कधीच मनापासून पटला नाही. चपला घेऊन आईला शोधत येणारं मूल स्वतःत मग्न कसं?

आता तुमच्या मनातला काटा काढते. तुम्ही कामावर गेलात म्हणून हे झालेलं नाही. आयांच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात, असं एके काळी मोठमोठे डॉक्टर सांगत होते. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. ते साफ चूक होतं. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आलेले शब्द जाणं हाही तुमच्या एकटीचा अनुभव नाही. जवळपास तीनातल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत हे घडतं आणि बहुतेकदा दीड-दोन वर्षांच्या सुमारासच. त्याच काळात घरात मोबाईल आलेला असतो, म्हणून बोट मोबाईलकडे जातं. मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. तरीही पडद्यासमोर गेलेला वेळ माणसांबरोबरच्या वेळातूनच वजा होतो, म्हणून त्याला आवर घालाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितलाय. मात्र लोकलचे व्हिडिओ एकदम बंद करू नका. ते आपल्याला लागणार आहेत.

कानांची तपासणी झाली का, हे पत्रात नाही. तो ऐकलेलं परत म्हणतो, म्हणजे कान ठीक असणार, असं धरून चालू नका. बेरा ही तपासणी एकदा करून घ्या. आणि इथून पुढे कधी आलेले शब्द पुन्हा जाऊ लागले किंवा तो मध्येच काही क्षण टक लावून हरवल्यासारखा दिसला, तर वाट न बघता मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

आता पोपटपंचीकडे येते. ‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला मीही सुरुवातीची काही वर्षं पालकांना दिला. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं गेलं होतं. त्या सगळ्या आयांची मला आज माफी मागावीशी वाटते.

ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांना बघून लिहिलं. ही मुलं ‘हो’ म्हणत नाहीत, विचारलेला प्रश्नच परत म्हणतात आणि तोच त्यांचा होकार असतो, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. आता आपली मराठी बघा. ‘जेवलास का?’ विचारलं तर आपण तरी कुठे नुसतं ‘हो’ म्हणतो? ‘जेवलो’ म्हणतो. ‘पाणी हवं का?’ ‘हवं.’ प्रश्नातलाच तुकडा उचलून आपण होकार देतो. तुमचा मुलगा तुकड्याऐवजी अख्खा प्रश्न उचलतोय. ‘तुला पाणी हवं का?’ पासून ‘हवं’ पर्यंतचं अंतर वाटतं तेवढं लांब नाही.

त्याच कॅनरांनी १९४६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलंय. तो मुलगा मध्येच म्हणायचा, ‘कुत्र्याला गच्चीवरून टाकू नकोस’. आसपास कुत्रा नाही, गच्ची नाही. ऐकणाऱ्याला निरर्थक बडबड वाटावी. आईने उलगडा केला. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका हॉटेलात त्याने खेळण्यातला कुत्रा गच्चीवरून खाली टाकला होता, तेव्हा ती त्याला हे वाक्य म्हणाली होती. त्यानंतर हातातली वस्तू फेकावीशी वाटली की तो स्वतःला आवरायला तेच वाक्य म्हणे. आईला माहीत होतं म्हणून अर्थ लागला. नाहीतर ती पोपटपंचीच ठरली असती.

म्हणून ‘पुढील स्टेशन, दादर’चा अर्थ मी इथे बसून सांगू शकत नाही, तो तुम्हालाच लागेल. दहा दिवस एक वही ठेवा. वाक्य म्हटलं तेव्हा किती वाजले होते, तो कुठे होता, त्याआधी काय घडलं, नंतर काय घडल्यावर तो शांत झाला, एवढंच लिहायचं. कदाचित बाहेर जायचं असताना म्हणत असेल. कदाचित एक काम संपून दुसरं सुरू होताना म्हणत असेल. गाडीतही ती घोषणा तेव्हाच होते ना, एक जागा सुटते आणि दुसरी येणार असते. पाहुणे आल्यावर घाबरून म्हणत असेल. आणि काही वेळा नुसतं छान वाटतं म्हणूनही म्हणत असेल, तेही चालतं. अर्थ लागला की रागावायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. त्याचं वाक्य आनंदाने घ्यायचं आणि त्याला हवं असलेलं सोपं मराठी वाक्य शेजारी ठेवायचं. ‘पुढील स्टेशन, दादर! चला, बाहेर जाऊ.’

हे शेजारचं वाक्य मात्र त्याच्या तोंडचं असायला हवं. ‘तुला पाणी हवं का?’ असं आपण म्हणत राहिलो तर तो ते तसंच उचलणार, मग त्याच्या तोंडी ‘तू’ राहतो आणि आपण म्हणतो, याला मी-तू कळत नाही. पाण्याचं भांडं हातात देताना ‘पाणी हवंय’ म्हणा. आणखी एक गंमत मराठीत होते. आईचं ऐकून ‘मी जाते, मी येते’ म्हणणारे मुलगे कितीतरी घरांत असतात. आई घरभर तेच बोलत असते, ते तरी काय करणार! आपल्या भाषेने यावर सोय करून ठेवली आहे. ‘मला जायचंय’, ‘मला हवंय’, ‘मला नको’, ‘मला आवडलं’ ही वाक्यं आईने म्हटली काय नि मुलाने म्हटली काय, तशीच राहतात. सुरुवातीला अशीच वाक्यं भरपूर वापरा.

आणि प्रश्न कमी करा, ताई. ‘हे काय आहे? सांग ना. कुठला रंग? परवा तर म्हणालास.’ मूल बोलत नसलं की घरातला प्रत्येक जण परीक्षक होतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. त्याच्या बाबांना सांगा, तुम्ही दोघं खेळत असताना फोनवर ५ मिनिटांचा व्हिडिओ काढा. रात्री शांतपणे बघा आणि आपण किती प्रश्न विचारले ते मोजा. मग हेही बघा की त्याने किती वेळा काही दाखवलं, हात ओढला, आपल्याकडे पाहिलं, आणि त्यातलं आपण किती पकडलं, किती निसटलं. बघताना थोडं वाईट वाटेल. पण शिकायला त्याहून चांगलं पुस्तक नाही.

हे माझ्या मनचं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ ऑटिस्टिक मुलांबरोबर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं २ ते ९ वर्षांची होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या पंधरा दिवसांतून एकदा जात, आईचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढत आणि तिच्याबरोबर बसून तो बघत. सहा महिने हे चाललं. त्या काळात आया मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागल्या आणि मुलं स्वतःहून आईशी जास्त संवाद सुरू करू लागली. आपल्यासारख्याच घरांत, आपल्यासारख्याच गर्दीत हे घडलंय. तुम्ही महिन्यातून दोनदा पुण्याला जात असाल किंवा चारदा, खरा तास घरातच भरतो.

घरी करायचं म्हणजे वेगळी खोली, महागडी खेळणी, काही लागत नाही. झोका देताना ‘एक, दोन...’ म्हणून थांबा. मनात सावकाश दहा मोजा. ‘तीन’ आलं तर उत्तम. नुसतं अंग हललं, नजर आली, ‘थ्री’ आलं, तरीही झोका लगेच द्या. भाकरी थापताना तो शेजारी असेल तर ‘थप थप’ म्हणून थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण दोन सेकंदांत उत्तरही देऊन टाकतो.

‘मराठी बंद करा’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. दोन भाषांत वाढल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. कॅनडात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५ मुलांच्या अभ्यासात एकभाषी आणि द्विभाषी घरांतल्या मुलांच्या भाषेत तसा फरक सापडला नाही. त्याला व्हिडिओतून इंग्रजी आकडे आले, छान आहे, कौतुक करा. पण तुम्ही मायेने बोलता ते मराठीत. आजी रागावते, लाड करते ते मराठीत. कराडच्या घरात आईने मोजूनमापून इंग्रजी बोलायचं ठरवलं तर ती बोलायचीच कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आणि मग मुलाशी बोलायला उरतो तो फक्त मोबाईल.

कार्डांनी मूल आळशी होतं, ही भीती आजही फार पसरलेली आहे. २००६ मध्ये संशोधकांनी यावरचे जुने अभ्यास तपासले. त्यातल्या भरवशाच्या नोंदी २७ व्यक्तींच्या होत्या, वेगवेगळ्या विकासात्मक अडचणी असलेल्या. चित्रं, खुणा किंवा यंत्राचा आधार दिल्यावर त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. २४ जणांचं वाढलं, तिघांचं तेवढंच राहिलं. तेव्हा बिनधास्त सुरू करा. बाजारातली सफरचंदाची चकचकीत चित्रं नकोत. तुमच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो घ्या, त्याचा पाण्याचा पेला, झोका, तुमच्या चपला. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अॅप मराठीतही आहे, तेही बघा. फोटो दाखवला की वस्तू द्यायची, आधी बोल मग देते असं करायचं नाही. कार्डाला ओलीस धरलं की ते कामातून गेलं.

आता ‘आई’. हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलात आणि सगळ्यात आधी तोच मनात असणार.

बहुतेक ऑटिस्टिक मुलांना आधी मागायचे शब्द येतात, हाक मारायचे नंतर. पाणी म्हटलं की पाणी मिळतं, त्यात लगेच फायदा आहे. आईला हाक मारायची गरज त्याला अजून पडलेलीच नाही, तो तुमचा हात धरून हवं तिथे नेतो. हात धरणं हीच त्याची हाक. त्याने तुम्हाला ओळखलं नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. चपला बाबांच्या नाही, आजीच्या नाही, तुमच्याच आणतो ना?

दुसरं असं, की तुमच्या घरात ‘आई’ हा शब्द तुमच्यासाठी कोण वापरतं? सासूबाई नावाने हाक मारत असतील, नवरा ‘अगं’ म्हणत असेल. आपल्याकडे एकत्र कुटुंबांत मुलं आईला वहिनी म्हणायची, कारण काका-आत्या तशी हाक मारायच्या, आणि कान जे ऐकतात तेच तोंडाला येतं. या मुलाने तर ऐकलेलं जसंच्या तसं उचलायचं व्रतच घेतलंय. मग त्याला ऐकवू या. तुम्ही पडद्यामागे लपा, आजीने त्याला कडेवर घेऊन लांब सूर लावावा, ‘आssई!’ आणि तुम्ही ‘कुक!’ करून बाहेर या. रोज पाच-सहा वेळा, तो हसतोय तोवरच. काही दिवसांनी आजीने सूर अर्ध्यावर सोडावा. तुम्ही स्वतः मात्र ‘म्हण, आई म्हण’ असं कधीच म्हणू नका. तो ‘म्हण आई म्हण’ असंच शिकेल, आणि तुम्हाला रडू येईल.

यात सासूबाईंना मुद्दाम घेतेय. त्या वैरी नाहीत, घाबरल्या आहेत. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचा नवरा, उशिरा बोलला हे खरंही असेल, बोलायला उशीर होणं काही घराण्यांत असतं. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल बोटाने दाखवतं, खुणा करतं, नजरेने गप्पा मारतं, आणि निदान करताना डॉक्टर तेच बघतात. त्यांच्याशी यावर वाद घालू नका. हाक मारायचं काम त्यांच्याकडे द्या.

तो बोलेल का? अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चार वर्षांपर्यंत शब्द जोडून बोलू न लागलेल्या ५३५ ऑटिस्टिक मुलांची माहिती त्यात घेतली होती, मुलं आठ वर्षांच्या वरची होती. त्यांपैकी ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली होती आणि ४७ टक्के अस्खलित. ज्या मुलांची न बोलता दिसणारी समज चांगली होती आणि ज्यांना माणसांत रस होता, ती पुढे गेली. तुमचा मुलगा चौथ्या वर्षाच्या आतच आहे आणि त्याच्या तोंडी वाक्यं आहेत, उसनी का होईनात. मला आशा वाटते. तरी उरलेल्या मुलांबद्दल तुमच्यापासून काही लपवणार नाही. काही मुलं मोठी होऊनही फार कमी बोलतात. त्यांचं आयुष्य चित्रांनी, टाइप करून, खुणांनी चालतं आणि चांगलं चालू शकतं, पण त्यासाठी या वाटा आत्तापासून उघड्या ठेवाव्या लागतात. म्हणून कार्डांवर इतका जोर दिला. ‘सहा महिन्यांत बोलता करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभ्या राहू नका.

त्याच कारणाने स्टेम सेलचे पैसे वाचवा. ऑटिझमसाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानेही २०२२ मध्ये त्याची शिफारस करता येत नाही असं सांगितलंय. त्या लाखांत कितीतरी वर्षांची वाचा-उपचार आणि व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) फी निघेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं चालतात, तिथे मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. ते मिळालं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत नाव घाला, १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. प्रमाणपत्र काढलं की मुलावर शिक्का बसतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

सेंटर बदलायचं का, ते लगेच ठरवू नका. आधी तिथल्या मॅडमना वही दाखवा आणि सांगा, आम्ही मराठीतच बोलणार आहोत आणि कार्डं वापरणार आहोत. त्यांनी वही उघडून वाचली तर तिथेच राहा.

आणि आज संध्याकाळी तो चपला घेऊन येईल, तेव्हा गॅस बंद करा. ‘बाहेर जायचंय!’ म्हणा, चपला पायात घाला आणि खरंच जा. वेळ असेल तर प्रीतिसंगमावर, नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दाराबाहेर पडताना तो काय म्हणाला, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मला कळवा.